बोंडलं

चिरनेरच्या घरी फडताळात एक पितळी बोंडलं आहे. त्याच्याच चोचीतून आम्ही सगळी भावंडं प्यालो. भाचीची लेक बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मली, चौदाशे ग्रॅमची, तेव्हा आईने ते पदराने पुसून पिशवीत टाकलं आणि पनवेलचा दवाखाना गाठला.

तिथे बाळाच्या तोंडातून थेट पोटात बारीक नळी. पिळून काढलेलं भाचीचं दूध सिरिंजमध्ये घेऊन सिस्टर ती हाताने उंच धरायची, दूध आपल्या वजनाने उतरायचं. दोन मिली. आचमनाची पळीसुद्धा भरणार नाही. पोट भरत होतं, तोंडाला पत्ताच नव्हता.

गर्भात बाळ पाणी गिळतं, पण तिथे श्वास घ्यायचा नसतो. बाहेर चोखणं, गिळणं, श्वास या तिघांचा मेळ बसावा लागतो, आणि तो चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास कुठे जमू लागतो. तोवर थेरपिस्ट बाई करंगळी गालांवरून, ओठांवरून हळूच फिरवत राहायच्या. नळीतून दूध चाललेलं असताना बाळाला पिळून रिकाम्या केलेल्या छातीशी धरायचं; पोट भरतं ते तोंड हलवल्यावर, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ.

मग एके दिवशी सिस्टरने उकळून ठेवलेली स्टीलची पलाडाई काढली. आई उजळलीच. “अगो, आपला बोंडला गो हा!”

पण पितळेला तिथे मज्जाव होता, आणि आईच्या पद्धतीलाही. पसरलेल्या पायांवर बाळ आडवं घालून घशात धार सोडायची, हे आमच्याकडचं पाजणं. “ओतायचं नाही आजी, नुसतं टेकवायचं.” बाळ उभं धरलेलं, चोच खालच्या ओठाला, दूध ओठापर्यंत. जिभेचं टोक बाहेर आलं, एक घोट गेला. थांबायचं. तिसऱ्या घोटाला पोर श्वासच विसरली. ओठ निळे, यंत्राची टीं-टीं. सिस्टरने पलाडाई बाजूला घेतली, तिला जरा पुढे झुकवलं, पाठ चोळली. आईचा हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होता.

पंचवीस सप्टेंबरला बाळ चिरनेरला आलं. १९३०च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचा दिवस. स्मारकाकडे माणसांची रीघ. दरवर्षी पुढे असणारी आई यंदा भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर बाळ उभं धरून, पुटपुटत घोट मोजत.

बोंडलं फडताळात परत गेलं. जाताना आईने ते चिंच लावून लख्ख घासलं मात्र.