क्रॉस कुठला बसवायचा?

अँबॅसॅडरच्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला की पहिली खबर रिव्हर्समध्ये मिळते. गाडी मागे घेऊन पुन्हा पहिल्यात टाकायची, क्लच सोडायचा आणि सीटखालून ‘खट्ट’ ऐकायचं. माझ्या १९७२च्या मार्क टूमध्ये हा आवाज सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत सावकाश जाताना चाकाच्या लयीत बारीक चिवचिव ऐकू येऊ लागली. गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. तिथल्या मिस्त्रीमामांनी ती खड्ड्यावर घेतली, एका हाताने शाफ्ट धरला, दुसऱ्याने डिफरन्शियलचा फ्लँज धरला आणि दोन्ही उलटसुलट पिळून दाखवलं. मागच्या क्रॉसमध्ये खेळ होता. एका कपाच्या कडेला विटेच्या रंगाची भुकटी जमली होती. ही भुकटी दिसली की समजावं, आत ग्रीस संपलंय आणि लोखंड लोखंडावर घासतंय.

शाफ्ट उतरवला, कप काढले. आतल्या सुया, म्हणजे निडल रोलर, काही मोडलेल्या, काही गंजून चिकटलेल्या. क्रॉसच्या एका दांडीवर नख फिरवलं तर शेजारीशेजारी ओढलेल्या रेघा हाताला लागत होत्या. प्रत्येक सुईने आपापली खाच पाडलेली. याचं कारण या सांध्याच्या कामातच आहे. गिअरबॉक्स चासीला धरून एका जागी असतो आणि मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर वरखाली होतो, त्यामुळे शाफ्टला दोन्ही टोकांना वाकत वाकत फिरावं लागतं. पण वाक असतो जेमतेम काही अंशांचा. म्हणून सुया पूर्ण फिरत नाहीत, तेवढ्याच जागेत मागेपुढे डुलतात. चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस फिरत्या गोळ्यांबरोबर सगळीकडे पोचतं, इथे ते सुयांच्या खालून बाजूला सरकतं आणि परत येत नाही.

दुकानात मापाचे दोन क्रॉस समोर आले. एकाच्या बेचक्यात ग्रीस निपल होतं. दुसरा सीलबंद, कारखान्यातच ग्रीस भरून आलेला, आयुष्यभर हात लावायची गरज नसलेला. मामांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

“मालक, ह्यो टाका. भरीव हाय. निपलवाल्याला आतनं भोकं पाडल्याली असत्यात.”

“भोकं पाडून किती कमजोर होतो, मामा?”

“कमजोर हुतोय ते हुतोयच की. आनी खरं सांगू का, ग्रीस मारायला कोन येतंय? वर्स वर्स कोन फिरकत न्हाई.”

मामांच्या दोन्ही गोष्टी खऱ्या. निपलपासून चारही दांड्यांच्या टोकापर्यंत ग्रीस जायला क्रॉस आतून पोखरावाच लागतो, आणि भरीव लोखंड पोखरलेल्यापेक्षा जास्त पीळ सोसतं. पण माझी गाडी दगडात चढवायची जीप नाही. १४८९ सीसीचं इंजिन, जेमतेम पन्नासेक अश्वशक्ती. निपलवाले क्रॉस ट्रॅक्टरला आणि मोठ्या ट्रकलासुद्धा चालतात. अँबॅसॅडरमध्ये क्रॉस ताकदीअभावी मोडत नाही, तो कोरडा पडून मरतो. त्यामुळे ताकदीचा मुद्दा मी बाजूला ठेवला.

दुसरा मुद्दा मात्र खरा निर्णायक, आणि त्याचं उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. मी स्वतः गाडीखाली जातो. शिवाय माझा रस्ता गगनबावड्याचा. पावसाळ्यात करूळ घाट उतरून कोकणात जायचं म्हणजे शाफ्टवर सतत लाल पाणी उडत राहतं. सीलबंद क्रॉसचं रबर चांगल्या प्रतीचं असतं, पाणी बाहेर ठेवायला ते निपलवाल्याच्या रबरापेक्षा सरसही असतं. पण एकदा का ओठ फाटून पाणी आत गेलं, की ते काढायची वाट त्यात नाही. निपलवाल्यात नवं ग्रीस दाबलं की जुनं ग्रीस, पाणी, कचरा सगळं कपाच्या कडेने बाहेर येतं. मी निपलवाला घेतला, आणि पुढचा-मागचा दोन्ही एकदम बदलले.

बसवताना मामांचं काम बघण्यासारखं होतं. शाफ्ट उतरवतानाच त्यांनी दोन्ही फ्लँजवर छिन्नीची खूण केली होती, जोडणी होती त्याच घरात परत बसावी म्हणून. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. वाकून फिरणारा एक क्रॉस दर फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो, आणि समोरचा क्रॉस तेवढाच उलटा करून तो फरक मिटवतो. रेष चुकली तर गाडी थरथरते. कपातल्या सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून कप सरळ दाबायचा. एखादी सुई आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. तिथे हातोड्याने जोर केला तर नवा क्रॉस तिथेच संपतो. मामांनी दोन्ही निपलं एकाच बाजूला घेतली, म्हणजे खालून शाफ्ट एकदा फिरवला की दोन्हींना गन लागते. शेवटी योक हाताने चारही दिशांना फिरवून बघितला, कुठे अडत नाही ना. क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकी अभियंत्याने १९०३मध्ये अशा सांध्याचं पेटंट घेतलं तेव्हा कितीतरी मोटारी चेनवर चालत होत्या. त्याचा सांधा आज उद्यमनगरात दोन हात आणि एक व्हाइस एवढ्यावर दुरुस्त होतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. गाडी हलवता आली नाही आणि शाफ्ट काही दिवस पाण्याखाली राहिला. पूर ओसरल्यावर डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं तेल बदललं, मग हाताची ग्रीस गन निपलला लावून हळूहळू दाबत गेलो. आधी कपांच्या कडेने दुधाळ, पांढरट, पाण्याने फुटलेलं ग्रीस आलं, त्यात बारीक गाळ. दाबत राहिलो तसा रंग बदलला आणि स्वच्छ ग्रीस दिसू लागलं. एका कपातून काहीच येईना. शाफ्ट जरा फिरवून, योक हलवून पुन्हा दाबलं तेव्हा तोही मोकळा झाला. तेच क्रॉस अजून गाडीत आहेत, खेळ नाही, आवाज नाही. सीलबंद असते तर आत पाणी गेलं की नाही हे कळायलाच शाफ्ट उतरवावा लागला असता.

तेव्हा जुनी गाडी पावसात चालवत असाल, ग्रीस गन घरात असेल आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर गाडीखाली जायची तयारी असेल, तर निपलवाला क्रॉस घ्या. गन हवेच्या दाबाची नको, हाताचीच बरी, नाहीतर सील उडतं. चारही कपांतून ग्रीस डोळ्यांना दिसेपर्यंत थांबू नका. यातलं काही होणार नसेल तर सीलबंदच बसवा. न ग्रीस केलेल्या निपलवाल्यापेक्षा तो नक्की जास्त चालेल. कुठलाही घ्या, पण स्वस्तातला घेऊ नका. शाफ्ट उतरवायची मजुरी दोन्हींना सारखीच पडते.