जाळीतला चेहरा

वर्तमानपत्रातल्या फोटोवर भिंग धरलं की फोटो नाहीसा होतो आणि काळे ठिपके उरतात. गालावर बारीक, केसांत एकमेकांना चिकटलेले जाड. आमचे अण्णा ब्लॉकमेकर होते, त्यामुळे हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक. उभ्याआडव्या रेघांची काचेची जाळी मध्ये धरून मूळ फोटोचा पुन्हा फोटो काढायचा, ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे आणि उरलेलं जस्त नायट्रिक ॲसिडला खाऊ द्यायचं. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचाला ६५ रेघांच्या आसपासची जाळी, गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा १५०ची. शाई एकच, काळी. करडी छटा छापखान्यात नसायचीच, ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तयार व्हायची.

६५च्या जाळीतले ठिपके जवळून नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. तरी पेपर उघडल्यावर आधी माणूसच दिसतो, ठिपके मुद्दाम शोधावे लागतात. असं का, हे मला पुढे मानसशास्त्र शिकताना कळलं. डेव्हिड नेव्हॉन या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली छोटी छोटी इंग्रजी अक्षरं मांडून केलेलं एक मोठं अक्षर लोकांना दाखवलं. मोठं अक्षर आधी ओळखलं जायचं. छोटं सांगायला गेलं तर मोठं आड यायचं. मोठं सांगताना मात्र छोट्यांची अडचण होत नसे. त्याआधी, १९६८मध्ये, केंब्रिजच्या कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी दाखवलं होतं की ठसठशीत आकृत्या आणि बारीक नक्षी यांच्यासाठी दृष्टीमध्ये वेगवेगळ्या वाटा आहेत. ठसठशीत भाग मेंदूपर्यंत लवकर पोचतो, बारकावे मागून येतात.

मानसशास्त्र शिकत असतानाच लिओन हार्मन यांनी केलेलं लिंकनचं चित्र माझ्या हाती आलं. सगळा चेहरा मोजक्या करड्या चौकोनांचा. टक लावून पाहिलं तर नुसती फरशी. मी ते अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "हा तर लिंकन." प्रूफ ते असंच बघायचे, आधी भिंगातून आणि मग लांबून. चौकोनांच्या धारदार कडा चेहऱ्यावर आक्रमण करतात. नजर थोडी धूसर केली की त्या कडा विरतात आणि चेहरा मोकळा होतो. म्हणजे कमी दिसल्यामुळे जास्त कळतं. बारकाईचं आपण फार कौतुक करतो. धूसर नजरेलाही तेवढाच मान मिळायला हवा, असं मला तेव्हापासून मनापासून वाटत आलं आहे.

काही वर्षांपूर्वी अण्णांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजू लागला. बारीक बघण्याचं सगळं काम तिथल्या इवल्याशा खळग्याकडे, फोवियाकडे असतं. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहिलं, तर साधारण तेवढाच भाग आपल्याला खरा स्पष्ट दिसत असतो. बाकी सगळं ढोबळच, फक्त नजर सतत फिरत असल्याने ते जाणवत नाही. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर चौकटींच्या रेघांचा कागद धरला. त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं आणि सांगितलं, "मधल्या रेघा वाकल्यात. जाळी बदला." आयुष्यभर जाळ्यांवर काम केलेला माणूस दुसरं काय म्हणणार! मला मात्र तिथे उभं राहवेना.

आता त्यांना पेपर वाचता येत नाही. समोर बसलेल्याचे डोळे, ओठ दिसत नाहीत. पण जिन्यावरून कोण येतंय ते चालीवरून अचूक सांगतात, अंगणातली रांगोळी फिस्कटली असेल तर उंबऱ्यावरूनच कळतं त्यांना, आणि ओळखीच्या रस्त्यावर ते एकटे फिरून येतात. पडद्याची कड शाबूत आहे आणि ढोबळ आकार, हालचाल तिथे नीट उमटते.

लो व्हिजनच्या दवाखान्यात त्यांना कडेने बघायला शिकवलं. ज्याला बघायचं त्याच्या जरा वर किंवा बाजूला नजर लावायची, म्हणजे तो माणूस पडद्याच्या चांगल्या भागावर येतो. हे जमायला त्यांना चिकाटी लागली, पण जमलं. आता माझ्याशी बोलताना ते माझ्या कानापलीकडे बघतात. पाहुण्यांना वाटतं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. मी त्यांना आधीच सांगून ठेवते: अण्णा तुमच्या बाजूला बघत असतील तर बोलत राहा, ते तुम्हालाच बघत आहेत.