आगगाडीचे डबे

मला लहानपणापासून आगगाडीचे वेड. माझ्या घरच्या छोट्या गाडीचे प्रमाण १:८७ आहे. २० मीटरचा खरा डबा त्यात सुमारे २३ सेंटिमीटरचा होतो.

एकदा दुकानात दोन डबे पाहिले. एकाच्या दारांना धरायचे बारीक दांडे वेगळे बसवले होते. दुसऱ्याचे साच्यातच उठवलेले होते. पहिल्याच्या किमतीत दुसरे तीन आले असते. मन एकीकडे, खिसा दुसरीकडे! मुलीच्या वह्याही घ्यायच्या होत्या. मी साधे दोन डबे घेतले आणि उरलेल्या पैशांत वह्या.

घरी गाडी धावू लागली. मुलगी म्हणाली, "अब्बा, धावताना दांडे दिसतात तरी कुठे?"

पुढे सुटीत आम्ही साच्यातले दांडे खरवडून तांब्याच्या तारेचे बसवले. पैशांना न परवडलेली बारकाई हातांनी साधली.