कर्जाचं नाव बिलावरच ठरतं

आपल्याकडे दवाखान्याचं कर्ज दवाखान्याच्या नावावर फारसं राहत नाही. अमेरिकेत रुग्णालयाची थकबाकी वर्षानुवर्षं 'मेडिकल डेट' म्हणून मागे लागते. त्यामुळे तिथल्या कायद्यांना ती त्याच नावानं पकडता येते. आपण मात्र डिस्चार्जआधी बिल भरतो. त्यासाठी उभे केलेले पैसे पुढे गोल्ड लोन होतात, पतसंस्थेचं कर्ज होतात, मेव्हण्याची उसनवारी होतात. सावकाराकडून घेतले तर 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, पण कर्ज कशापायी झालं हे तोवर पुसलेलं असतं.

म्हणून शब्द नक्की करायचे तर कर्जाच्या आधी, बिलावरच करायला हवेत.

मागच्या वर्षी काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन संभाजीनगरातल्या एका खासगी दवाखान्यात झालं. काकूंच्या पाटल्या बँकेत गेल्या. ते बिल मी एक्सेलमध्ये उतरवून दुसऱ्या दवाखान्याच्या एस्टिमेटशी ताडून बघितलं. जमलंच नाही. एकाकडे 'ओटी चार्जेस'मध्येच हातमोजे, गॉज धरलेले. दुसऱ्याकडे 'कन्झ्युमेबल्स' वेगळे, वर 'मिसलेनियस'. कॉलमचं नाव तेच आणि आतला माल वेगळा असला, की सॉफ्टवेअरमध्येही बेरीज बरोबर येते आणि उत्तर चुकतं.

यात खरे पैसे जातात. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा 4,000 आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली. मग अनेक पॉलिसींत भाड्यासोबत ऑपरेशनच्या इतर खर्चालाही निम्मी कात्री लागते. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावू नये, असं विमा नियामकानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण तेच हातमोजे 'ओटी चार्जेस'मध्ये गेले, की कात्रीखाली आले!

राज्याच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत 2021 मध्ये बदल झाले आणि 15 बाबींचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. चांगलं झालं. पण दर कळला तरी त्या दरात काय काय येतं, हे बोर्डावरून कळत नाही. आणि हे ठरवणं अशक्य नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनला ठरलेलं नाव, ठरलेला कोड आणि ठरलेलं पॅकेज असतं. सरकार स्वतः पैसे भरतं तेव्हा शब्द नेमके होतात. आपण भरतो तेव्हा 'मिसलेनियस' चालतं.

त्या 15 ओळींची व्याख्या नियमांतच यायला हवी. तोवर ॲडमिट होताना एवढं तरी विचारा: ओटी चार्जेसमध्ये काय काय आलं? उत्तर लेखी मागा.