डबी फोडताना

2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरालगतच्या एका धर्मग्रामात दोन महिने सेवा करण्याचा योग आला. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेण्याची आपल्याकडची प्रथा तेथेही होती. त्या फेरीत एका आजोबांची ओळख झाली. वय शहात्तर, सारे आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलेले, हृदय थकलेले. ख्रिस्तप्रसाद घेऊन झाला की ते उशाजवळची एक पारदर्शक प्लॅस्टिकची डबी हाती घेत, क्षणभर पाहत आणि पुन्हा ठेवून देत. मला वाटले, आत एखाद्या संताचा पवित्र अवशेष असावा. जवळून पाहिले, तर आत बेसबॉलपटूचे चित्र असलेले पुठ्ठ्याचे कार्ड होते.

आपण प्रार्थनापुस्तकात संतांची चित्रे जपतो, तशी अमेरिकेतील मुले ही कार्डे जपत आली आहेत. आजोबांचे कार्ड टॉप्स या कंपनीने 1957 साली काढलेले. त्या काळी पाच सेंटांच्या पाकिटात च्युइंग गमच्या वडीसोबत अशी कार्डे निघत. दहा वर्षांच्या मुलाने ते सदऱ्याच्या खिशात घालून मिरविले. मधोमध घडी पडली, कोपरे झिजले. चित्र होते पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या रॉबेर्तो क्लेमेंटे याचे. प्वेर्तो रिकोहून आलेल्या या कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव कार्डावर ‘बॉब’ असे छापलेले होते. ही काटछाट त्याला रुचत नसे. तरी अनेक वर्षे टॉप्सच्या कार्डांवर तो बॉबच राहिला. 30 सप्टेंबर 1972 रोजी त्याने आपला तीन हजारावा यशस्वी फटका मारला. त्याच डिसेंबरात निकाराग्वातील मानाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तेथे मदत घेऊन निघालेल्या विमानात तो स्वतः बसला, आणि 31 डिसेंबरच्या रात्री ते विमान समुद्रात कोसळले. वय अवघे 38. त्याचा देह सापडलाच नाही. 1998 साली पिट्सबर्गमधील एका पुलाला त्याचे नाव देण्यात आले.

“फादर, पूल साऱ्या गावाचा,” आजोबा म्हणाले, “पण माझ्या खिशात तो स्वतः होता.”

काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने ते कार्ड तपासणी करणाऱ्या एका संस्थेकडे पाठविले. तेथील तपासनीस कार्डाचे कोपरे, कडा आणि पृष्ठभाग न्याहाळतात, चित्र मधोमध छापले आहे की नाही ते पाहतात आणि 1 ते 10 पर्यंत गुण देतात. मग कार्ड डबीत घालून तिचे दोन भाग कायमचे सांधले जातात. आतल्या चिठ्ठीवर नाव, साल, गुण आणि नोंदणी क्रमांक असतो. आजोबांच्या कार्डाला 2 गुण मिळाले होते, आणि त्यापुढे शब्द होता ‘गुड’. मला आनंद झाला. मुलाने हसून समजाविले, “फादर, या धंद्यात ‘गुड’ म्हणजे जवळजवळ तळाची पायरी.”

ही व्यवस्था उगाच निर्माण झालेली नाही. कडा कापून जुने कार्ड कोरे भासविणारे लबाड पुष्कळ असतात. डबीमुळे कार्डाचे रक्षण होते आणि दूरच्या ग्राहकाला भरवसा मिळतो. 2022 साली मिकी मँटल या खेळाडूचे 1952 सालचे, 9.5 गुणांचे कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले गेले, ते या भरवशावरच. मात्र चिठ्ठीही चुकते. पीएसए या संस्थेने 1991 साली सर्वप्रथम ज्या कार्डाला गुण दिले, ते होनस वॅग्नर याचे कार्ड 8 गुणांचे ठरले होते. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली एका लिलावदाराने 2013 साली न्यायालयात दिली.

अशा डब्या काही जण फोडतातही. कित्येकांचा हेतू गुण वाढविण्याचा असतो. 8 गुणांचे कार्ड बाहेर काढून पुन्हा तपासणीस पाठवावयाचे. कदाचित 9 मिळतील, आणि एका गुणाने किंमत कितीतरी वाढेल. दुसरे काही जण केवळ कार्ड हाती घ्यावे म्हणून डबी फोडतात. कार्ड बाहेर आले तरी, जुनी चिठ्ठी कोणी परत पाठविली नाही, तर संस्थेच्या नोंदीत ते जुने गुण तसेच राहतात.

आजोबांना ते कार्ड नातीला द्यावयाचे होते, आणि तेही डबीशिवाय. मुलगा तयार नव्हता. “फादर, तुम्हीच समजवा. कार्डाची उरलीसुरली किंमतही जाईल.” मी मुलाची बाजू घेतली. शहाणपण त्याच्याकडेच होते.

आजोबा शांतपणे म्हणाले, “ज्या घडीपायी गुण कापले, ती माझ्या खिशात पडलेली आहे. मला ती एकदा चाचपू द्या.”

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी मुलाने पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉवेल आणला. पक्कडीने डबीचा वरचा एक कोपरा तोडला, फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून हलकेच पिळला. कडकन आवाज झाला. डबी उघडली. आजोबांनी अंगठा घडीवरून फिरविला, कार्ड नाकाशी धरले आणि नऊ वर्षांच्या नातीला दिले. तिने ते सरळ खिशात घातले. मुलगा खुर्चीतून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

त्या रात्री मला झोप आली नाही. आठवत होते ते वीस वर्षांपूर्वीचे एक पत्र. सेमिनरीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची शिफारस करण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. वसईच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यातला एक मुलगा आला. तो बोलताना अडखळत असे, आणि मी अधीरपणे त्याची वाक्ये पुरी करीत असे. मी पत्रात लिहिले, ‘मुलगा चांगला आहे.’ पुढे एक शब्द नाही. ज्यांना ही भाषा कळते, त्यांना तेवढे पुरे होते. त्याला प्रवेश मिळाला नाही. ते पत्र अजूनही एखाद्या कपाटात असेल.

परतल्यावर मी त्याच्या घरी निघालो. वाटेत स्वतःला विचारले, मी ही डबी कशासाठी फोडतो आहे? क्षमा मागून माझेच गुण वाढावेत म्हणून तर नव्हे? पापनिवेदनाला येणाऱ्यांना मी नेमके याविषयी सावध करीत असतो. उत्तर सापडले नाही. पाय मात्र चालत राहिले.

तो अंगणात जाळे सांधत बसला होता. आता त्याच्या होडीवर चार माणसे कामाला आहेत. बायकोने चहा आणला. मी पत्राविषयी सारे सांगितले. तो बराच वेळ जाळ्याकडे पाहत राहिला. मग बोलू लागला, पूर्वीसारखाच अडखळत: “फादर, ते पत्र… तुम्ही मला वाचून दाखवलं होतं. ‘मुलगा चांगला आहे.’ आईनं ते… ते वाक्य अख्ख्या कोळीवाड्यात सांगितलं होतं.”

माझ्यापाशी शब्द नव्हते. त्याचे बोलणे अजून संपले नव्हते. पुढचा शब्द त्याच्या ओठांवर अडला होता, आणि तो कोणता हे मला कळले होते. या वेळी मात्र मी तो उच्चारला नाही. थांबून राहिलो.