प्रिझम्प्टिव्हचा रकाना

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एक मुलगी नव्याने रुजू झाली. हात स्वच्छ, नोंदी नेटक्या. नमुने लावून चोवीस तास झाले होते. मॅकॉन्कीच्या नळ्या जांभळ्याच्या पिवळ्या झालेल्या, आतल्या डरहॅमच्या नळीत वायू: कोलिफॉर्म जिवाणूंची खूण. तेवढ्यात गावाहून जलसुरक्षकाचा फोन आला. ती म्हणाली, "अजून काही सांगता येत नाही, काका."

हे मला सहन होत नाही. या पहिल्या निकालाचा अहवालात वेगळा रकाना असतो: 'प्रिझम्प्टिव्ह'. प्रिझम्प्टिव्ह म्हणजे 'सांगता येत नाही' नव्हे. पुरावा हाती आहे, तो एका बाजूला झुकलाय आणि उलट काही निघेपर्यंत तेच खरं धरून चालायचं, एवढं वजन त्या शब्दात आहे. १९३६ ते १९५२ एलिझाबेथ ब्रिटनच्या गादीची 'एअर प्रिझम्प्टिव्ह' होती. भाऊ जन्मला असता तर तिचा हक्क मागे पडला असता, पण तोवर वारस तीच.

अडतं ते बुडबुड्यापाशी. रंग धड जांभळा नाही, धड पिवळा नाही आणि डरहॅमच्या टोकाला मोहरीएवढा ठिपका. टिचकी मारली की बारीक फेस वर सरकतो. धरायचा? मी धरतो. अठ्ठेचाळीस तास थांबायचं ते 'नाही' म्हणण्यासाठी, 'हो' म्हणण्यासाठी नव्हे. क्लॉस्ट्रिडियमसारखे दुसरे जिवाणूही वायू करतात, ठाऊक आहे. पुढच्या ४४ अंशांवरच्या नळ्या त्यासाठीच असतात.

गावातच पाणी तपासायच्या एच-टू-एसच्या बाटलीने तर हा रकानाच पुसून टाकला. बाटली काळी झाली की 'फेल', नाही झाली की 'पास'. कोलिफॉर्म नसलेले जिवाणूही ती काळी करतात. म्हणजे तीही प्रिझम्प्टिव्हच. पण गावात हे कुणी बोलत नाही.

माझी डोळ्यांची ताकद आता कमी झालीय, नळी खिडकीशी न्यावी लागते. तरी आधी मीच वाचतो, मग तिच्या हाती देतो. पुढे त्या ४४ अंशांवरच्या नळ्यांत इंडोलचं लाल कडं उमटलं की मला आनंद होतो: माझं वाचन खरं ठरलं. त्याच क्षणी एका गावाच्या पाण्यात मैला आहे हे सिद्ध झालेलं असतं, आणि आनंद तरीही होतो.

तिला फोन परत लावायला लावला. "पाणी दूषित धरून चाला. विहिरीत टीसीएल पावडर टाका, घरोघर उकळून प्यायला सांगा. पक्का अहवाल मागाहून येईल." तिने तसंच सांगितलं आणि आपणहून विचारलं, "टीसीएल जुनं तर नाही ना, काका?"