करमाळ्याचा काना

लिनक्समध्ये थ्रेडच्या नावाला 16 बाइट मिळतात. शेवटचा बाइट नाव संपल्याच्या खुणेत जातो, उरतात 15. रोमन लिपीत तेवढी अक्षरं सुखानं मावतात. देवनागरीचं मात्र प्रत्येक चिन्ह, मग तो नुसता काना का असेना, यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं. म्हणजे चिन्हं पाचच. जेऊर मावतं, केम मावतं, कंदरही मावतं. करमाळा सहा चिन्हांचं; शेवटचा काना बाहेर पडतो आणि तालुक्याचं गाव ‘करमाळ’ होऊन बसतं. सोलापूरचं तर ‘सोलाप’.

मी जेऊरला बसून हवामानाच्या नोंदी गोळा करणारा प्रोग्राम सांभाळतो. इकडच्या केळी बागायतदारांना त्या लागतात. गावागणिक एक थ्रेड, आणि त्याला गावाचंच नाव. नाव दिलं नाही तर नवा थ्रेड आपल्या जन्मदात्याचं नाव घेऊन येतो. मग टॉपमध्ये थ्रेड उलगडून पाहिले की एकाच नावाची रांग दिसते, आणि प्रोसेसर कोण खातंय ते नुसत्या क्रमांकांवरून शोधत बसावं लागतं.

म्हणून नाव दिलं की ते परत विचारून बघायचं, ही माझी शिस्त. पीआरसीटीएल वापरा किंवा प्रॉकमधल्या कॉम फाइलीत लिहा, काना गळतो आणि कुणी काही बोलत नाही. पीथ्रेडचं सेटनेम लांब नाव सरळ नाकारतं, ईरेंज परत करतं. मला हा नकार आवडतो. पण तो तपासला नाही, तर करमाळ्याचा थ्रेड जन्मदात्याच्याच नावानं फिरत राहतो.

आतून वाचायला पीथ्रेडचं गेटनेम पुरतं. त्याला किमान 16 बाइटची जागा द्यायची. ग्लिबसीत ही सोय 2010 साली, 2.12 आवृत्तीत आली. सगळीकडं ती सारखी नाही: मॅकवर थ्रेड फक्त स्वतःचंच नाव ठेवू शकतो. लिनक्सवर सगळ्यांची हजेरी घ्यायची तर प्रॉक, सेल्फ, टास्क अशी वाट धरायची. तिथं प्रत्येक थ्रेडच्या क्रमांकाची डिरेक्टरी, तिच्यात कॉम. वाचता वाचता एखादा थ्रेड संपतो, फाइल नाहीशी होते. त्याला बिघाड समजायचं नाही, पुढं जायचं.

पूर्ण नावं मी क्रमांकांसमोर वेगळ्या तक्त्यात ठेवतो. कर्नलला ‘करमा’ एवढंच सांगतो. नाव तोडायचंच तर कुठं तोडायचं ते मी ठरवावं. मुख्य थ्रेडला मात्र हात लावत नाही. पीएस आणि पीकिल प्रोग्रामला त्याच नावानं ओळखतात. तिथं गावाचं नाव टाकलं, तर रात्री प्रोग्राम थांबवायला बसलेल्या माणसाला तो सापडणारच नाही.